गोरोगोरो, नेबानेबा, शीऽन : जपानीतले नादशब्द आणि आपला मराठी कान

उमेबोशी (धागाकर्ती)

जपानी शिकणाऱ्यांच्या वाटेत एक टप्पा हमखास येतो. व्याकरण बऱ्यापैकी बसलेलं असतं, कांजी (चिनी चित्राक्षरं) ओळखता येतात, बातम्याही अर्ध्यामुर्ध्या कळतात. आणि तरी भाजीच्या दुकानात दोन जपानी आज्या काय बोलतायत ते डोक्यावरून जातं. कारण त्या बोलण्यात क्रियापदं नावाला असतात. खरं काम करतात शाकिशाकि, होकुहोकु, नेबानेबा, सोवासोवा असे शब्द. आपल्याकडच्या वर्गांत हे शब्द धड्याच्या शेवटी, चौकटीत, "जमलं तर बघा" अशा थाटात येतात.

माझं म्हणणं थोडक्यात: हे शब्द आधी शिकवा, आणि मराठीतून शिकवा. आपण पुण्यात बसून जपानी शिकतो ती इंग्रजीतून. इंग्रजी पुस्तकात 'झुकिझुकि'ला चार शब्दांचं स्पष्टीकरण लागतं. मराठी मुलाला "दात ठणकतो" म्हटलं की झालं.

आधी थोडी वर्गवारी. जपानी लोक या सगळ्याला हल्ली सरसकट 'ओनोमातोपे' म्हणतात, पण भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किन्दाइचि यांच्या मांडणीमुळे जुनी नावंही टिकून आहेत. प्राण्या-माणसांच्या आवाजाचे ते गिसेइगो: कुत्र्याचं वानवान, मांजराचं न्यान्या, कोंबड्याचं कोकेकोक्को. वस्तूंच्या आवाजाचे ते गिओन्गो: पावसाचं झाऽझाऽ, दाराची तोन्तोन्. इथपर्यंत सगळ्याच भाषांत असतं. पुढे खरी गंमत. ज्याला आवाजच नाही त्याचेही नाद आहेत. चकाकणं किराकिरा, गुळगुळीतपणा त्सुरुत्सुरु, ते गिताइगो. आणि मनाच्या आत जे चालतं त्याचे गिजोउगो: डोकिडोकि (छातीत धडधड), इराइरा (चिडचिड), मोयामोया (मनावर मळभ, नेमकं काय खटकतंय ते कळत नाही), हाराहारा (दुसऱ्याचं काय होणार म्हणून आपल्या जिवाची धाकधूक).

शोगाकुकान प्रकाशनाने २००७ साली फक्त या शब्दांचा कोश काढला, त्यात ४५०० नोंदी आहेत. घाबरू नका, कारण यातले बरेचसे एका साच्यातून निघालेले आहेत. जपानी लिपीत क ला दोन रेघा दिल्या की ग होतो, स चा झ, त चा द. नादशब्दातही त्या दोन रेघा दिल्या की वस्तू मोठी, जड, खरबरीत किंवा नकोशी होते.

कोरोकोरो म्हणजे गोटी घरंगळते. गोरोगोरो म्हणजे धोंडा.
किराकिरा म्हणजे चांदण्या. गिरागिरा म्हणजे डोळ्यांवर येणारं मे महिन्याचं ऊन.
सारासारा म्हणजे रेशमी केस. झाराझारा म्हणजे हाताला रेती लागावी तसं.
तोन्तोन् म्हणजे कुणीतरी हलकेच दार वाजवतंय. दोन्दोन् म्हणजे पोलीस आले असावेत.

शिवाय शेपट्या आहेत. कोरोकोरो म्हणजे घरंगळत राहणं. कोरोरी म्हणजे एकदाच कलंडणं. कोरोत्तो म्हणजे अचानक. कोरोन् म्हणजे कलंडलं आणि थांबलं, त्याचा पडसाद उरला. एकाच मुळातून चार छटा निघतात.

तुमचे आवडते, नावडते, न कळलेले शब्द टाका.

---

सदाफुली

वा! वाचतेय. खाण्याचे शब्द स्वतंत्रपणे लिहा ना. माझी बहीण नागोयाला असते, ती फोनवर सारखी "मोचिमोचि" करते.

---

खाईनतरतुपाशी

खाण्याचं मी लिहितो, दुसरं मला काही येत नाही.

जपानच्या अन्नसंशोधन संस्थेतल्या फुमियो हायाकावा यांनी खाण्याच्या पोताचे जपानी शब्द गोळा केले, ते ४४५ भरले. त्यातले बहुतेक नादशब्द. हा आकडा नुसता कौतुकाचा नाही. तिथे चवीइतकाच, कधी चवीपेक्षाही जास्त, दाताखाली काय होतं त्याला मान आहे.

ढोबळ भाषांतरं देतो, भांडण नको.

साकुसाकु: खुसखुशीत. ताजी तेम्पुरा (जपानी भजी), बिस्किट. आपली करंजी बरोब्बर साकुसाकु.
पारिपारि: पातळ आणि कुरकुरीत. भाजलेली नोरी (समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा). पोह्याचा पापडही चालेल.
बारिबारि: तेच, पण जाड. तांदळाचे सेन्बेइ. इथेही प चा ब झाला की दाताला मेहनत वाढते.
कारिकारि: तळून कडक झालेलं.
शाकिशाकि: ताजी काकडी, कोबी. करकरीत.
फुवाफुवा: हलकं, जाळीदार, लुसलुशीत.
मोचिमोचि: हे मोची या चिकट भाताच्या गोळ्यावरून आलंय. दाताला थोडा प्रतिकार करतं, मग सोडतं. पावापासून बाळाच्या गालापर्यंत सगळ्याला लावतात. सदाफुली, तुमच्या बहिणीचं चालूच राहणार.
पुरिपुरि: ताजी कोळंबी, दाबली की परत येते.
होकुहोकु: उकडलेलं रताळं किंवा भोपळा. पिठाळ, कोरडं आणि गरम. यातला गरमपणा मराठीत एका शब्दात येत नाही.
पासापासा: होकुहोकु निवून गेलं की उरतं ते. कोरडं, घशात अडकणारं.

आणि नेबानेबा: तार सुटणारं, चिकट. यावर स्वतंत्र पोवाडा होऊ शकतो. भेंडीची तार मोडायला आपल्या आया दही घालतात, चिंच घालतात, भेंडी पुसून कोरडी करून चिरतात. जपानी माणूस त्याच तारेसाठी भेंडी खातो. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), भेंडी, किसलेला यामाइमो कंद, मेकाबु हे समुद्री शेवाळ, असं सगळं एकत्र करून भातावर ओततात आणि त्याला कौतुकाने 'नेबानेबा-दोन' म्हणतात ('दोन' म्हणजे वर काहीतरी घातलेला वाडगाभर भात). तोच चिकटपणा टेबलावर सांडलेल्या सरबताचा असेल तर मात्र बेताबेता, म्हणजे वाईट. जिभेला हवासा चिकटपणा वेगळा आणि हाताला नकोसा वेगळा, असे दोन शब्द.

---

आडवाटेचा वारकरी

धागा छान आहे, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत. "मराठीतून शिकवा" हे ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात नुसता खड्डा.

किराकिरा ऐकल्यावर मराठी कानाला काय आठवणार? किरकिर! म्हणजे रडकं पोर किंवा डोळ्यात गेलेला कण. जपानीत ते लखलखणं. कुराकुरा म्हणजे कुरकुर नव्हे, घेरी येणं. गारागारा म्हणजे गरगर नाही, रिकामी आगगाडी. नाहीतर घसा खळखळून गुळण्या करणं. चिराचिरा म्हणजे चिरणं नाही. मुलांना आधी मराठी आठवू दिलं तर ती दहातल्या सहा ठिकाणी आपटतील. त्यापेक्षा कोरी पाटी बरी.

दुसरं, तो दोन रेघांचा नियम सगळीकडे चालत नाही. डोकिडोकिच्या रेघा काढल्या तर तोकितोकि व्हायला हवं, म्हणजे हलकी धडधड. असा शब्द कुणी वापरत नाही. हाराहारा, बाराबारा, पारापारा ही तिघं भावंडं दिसतात, पण पारापारा म्हणजे पावसाचे तुरळक शिंतोडे, बाराबारा म्हणजे विस्कटलेलं आणि हाराहारा म्हणजे एकदम जिवाची घालमेल. यात लहान-मोठं कुठे आहे?

---

लिंबूटिंबू

मला फक्त एवढंच ठाऊक: पिकाचू = पिका (वीज चमकते ती) + चू (उंदराचं चूंचूं). आणि पॅकमॅन! १९८० साली नामको कंपनीने काढला तेव्हा जपानमध्ये नाव पक्कुमान होतं, पाकुपाकु वरून. पाकुपाकु म्हणजे तोंड उघडमीट करत गपागप खाणं. त्या पिवळ्या गोळ्याचं अख्खं आयुष्य नावातच आहे.

---

उमेबोशी

@आडवाटे, नियमाला अपवाद आहेत, मान्य. डोकिडोकिचं हलकं भावंड नाही हेही खरं. पण "कोरी पाटी" मान्य नाही. नवा शब्द समोर आल्यावर तो किमान कोणत्या अंगाचा असेल याचा अंदाज यावा, एवढ्यासाठी नियम. गाशागाशा हा शब्द आधी कधी ऐकला नसेल तरी तो नाजूक नाही हे तुम्हालाही कळेल.

आणि खोट्या मैत्रिणींचं (दिसायला सारखे, अर्थाने वेगळे अशा शब्दांचं) म्हणाल, तर तुमच्याच यादीतली किरकिर घेऊ. डोळ्यात कण गेल्यावर जपानी माणूस काय म्हणतो? "मे गा गोरोगोरो सुरु." डोळ्यात गोरोगोरो होतंय. (इथला 'सुरु' म्हणजे जपानी क्रियापद, 'करणे' किंवा 'होणे'.)

आता हा गोरोगोरो नीट बघा, माझा सगळ्यात लाडका शब्द. ढग गोरोगोरो करतात. धोंडा गोरोगोरो खाली येतो. मांजर मांडीवर गोरोगोरो करतं. बिघडलेलं पोट गोरोगोरो करतं. आणि रविवारी नुसतं लोळत पडणं तेही गोरोगोरो.

मराठीत काय? ढग गडगडतात. धोंडाही गडगडत खाली येतो. आभाळ आणि दगड, दोघांना एकच शब्द, दोन्ही भाषांत! पोटाला आपण गुडगुड म्हणतो, मांजराला घुरघुर. सगळीकडे ग किंवा घ. एकमेकांचा काही संबंध नसलेल्या दोन भाषा एकाच जागी पोहोचल्या. हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला कधी दिसणारच नाही.

उलट आपल्याकडे जास्त दालनं आहेत. जपानीत क आणि ग एवढीच जोडी. आपल्याकडे क-ख-ग-घ. वीज कडकडते, बैलगाडी खडखडते, ढग गडगडतात आणि मुलगी पाढे घडाघडा म्हणते. कुरकुर माणसाची, गुरगुर कुत्र्याची, घुरघुर मांजराची. चार दालनांच्या घरात वाढलेल्याला दोन दालनांच्या घरात वाट सापडायला किती वेळ लागतो?

---

निळ्याडोंगरापलीकडे

घडाघडा काय, घडघड काय, ताई, तुम्ही क-वर्ग फार सोयीने निवडलाय :) पण गडगड आणि गोरोगोरो, मानलं.

एक भर घालतो. जपानीत अशा शब्दाला 'तो' लागून एकदाच, झटक्यात झालेली गोष्ट दाखवतात: पात्तो, झोत्तो, होत्तो, सोत्तो. हा 'तो' म्हणजे आपलं '-कन' आणि '-दिशी'. पात्तो ताचिआगारु: पटकन उठणं. झोत्तो सुरु: सर्रकन काटा येणं. सोत्तो: हळूच, आवाज न करता. होत्तो सुरु: हुश्श. मी शिकत होतो तेव्हा "तो म्हणजे अव्यय" असं पाठ केलं होतं. कुणी "-कन" म्हटलं असतं तर एका मिनिटात डोक्यात गेलं असतं.

आणि 'शिता' लावून विशेषण करतात: मोचिमोचि शिता पान, म्हणजे मोचिमोचि असलेला पाव. आपली '-ईत' तेच काम जास्त सफाईने करते: कुरकुर, कुरकुरीत. बुळबुळ, बुळबुळीत.

---

दुभाष्या मावशी

मी इथे जपानमध्ये दवाखान्यांत दुभाषी म्हणून जाते, त्यामुळे माझ्यासाठी हा विषय हौसेचा नाही.

जपानी डॉक्टर "दुखतंय का?" विचारून थांबत नाही. कसं दुखतंय ते विचारतो, आणि उत्तर नादशब्दात हवं असतं. त्या उत्तरावरून पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते. म्हणून जपानला जाणाऱ्यांनी कांजीच्या आधी हे पाठ करावेत:

झुकिझुकि: ठणका. दात, गळू, अर्धशिशी. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारं.
गान्गान्: डोकं घणघणतंय, आतून घण घालतंय कुणी.
किरिकिरि: पोटात पिळवटून येणारी कळ.
शिकुशिकु: पोटात मंद, सतत. हाच शब्द मुसमुसून रडण्यालाही आहे.
चिकुचिकु: सुया टोचल्यासारखं.
हिरिहिरि: भाजल्यावर, सोलवटल्यावर कातडीची चुरचुर.
मुकामुका: मळमळ. आणि एखाद्याचा राग येऊन पोटात ढवळतं तेही मुकामुका.

इंग्रजीतून आलेल्या पेशंटना यातला फरक समजवायला मला घाम फुटतो. नगरच्या आजींना एकदाच सांगितलं, "ठणका असेल तर झुकिझुकि, चुरचुर असेल तर हिरिहिरि." संपलं. उमेबोशींच्या बाजूने माझं मत.

पण एक ऐका. हे शब्द जपानमध्येही सगळीकडे सारखे नाहीत. २०११ च्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतर तोहोकु भागात देशभरातून डॉक्टर-नर्स गेले, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांची दुखणी त्यांना कळेनात. भाषा जपानीच, पण नाद वेगळे. प्रमाण जपानीत नियानिया म्हणजे कुत्सित, ओशाळवाणं हसणं. आओमोरीच्या त्सुगारु बोलीत पोट नियानिया करतं, म्हणजे मंद दुखतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरला वाटणार, आजोबांचं पोट हसतंय. शेवटी राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेने २०१२ मध्ये तोहोकु बोलीतल्या नादशब्दांचा वापर उदाहरणांसह गोळा करून पुस्तिका काढली, ती मदतीला आलेल्या वैद्यकीय मंडळींसाठी. भाषाशास्त्राचा इतका रोकडा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

---

सदाफुली

पोट हसतंय!! मावशी _/\_

---

आडवाटेचा वारकरी

मावशींचा प्रतिसाद वाचून थोडा नरम आलोय. दुखण्यांपुरतं मराठी उपयोगी, कबूल. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच ठणकतं. पण चकाकणं, शांतता, मनःस्थिती हे सगळं ठरवून शिकावं लागतं. तिथे कान काय करणार?

---

शब्दवेल्हाळ

यावर थोडं अभ्यासाच्या अंगाने लिहितो. मी भाषाशास्त्र शिकलो आहे, जपानी कामापुरतं.

आवाज आणि अर्थ यांचं नातं केवळ संकेताने ठरतं, असं आपण शिकतो. नादशब्द तिथे खोडा घालतात. वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्ये दोन आकृत्या आणि दोन निरर्थक शब्द असा खेळ मांडला होता. व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये तो 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी पुन्हा मांडला. टोकेरी आकृती कोणती आणि गोलमटोल कोणती, हे विचारल्यावर बहुसंख्य लोक टोकेरीला किकी म्हणतात. म्हणजे आवाजाला आकार असल्याचं माणसाला जाणवतं.

जपानमध्ये मुत्सुमि इमाइ आणि सहकाऱ्यांनी याचा छान प्रयोग केला (२००८). चालण्याच्या वेगवेगळ्या ढबींसाठी नवे, कुणी न ऐकलेले नादशब्द बनवले. ढबीशी जुळणारा नाद असेल तर तीन वर्षांची जपानी मुलं तो शब्द पटकन उचलत आणि दुसऱ्या माणसाच्या तशाच चालीला लावत. जुळत नसेल तर गोंधळत. पुढे तसेच शब्द इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवले, तर त्यांनाही नादाचा फायदा झाला. तेव्हा आडवाटे, कान काहीतरी करतोच. पण सगळं करत नाही: इंग्रजी मोठ्यांना जपानी नादशब्दांचे अर्थ ओळखायला सांगितले की काही ठिकाणी अंदाज बरोबर येतात, बऱ्याच ठिकाणी मुळीच येत नाहीत. तुम्ही दोघं एकाच काठीची दोन टोकं धरून ओढताय.

मराठीबद्दल. अमेरिकन अभ्यासक मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवलं की नादशब्दांची ही रेलचेल भारतीय उपखंडाचंच लक्षण आहे, द्राविड असो वा आर्य कुळातली भाषा असो. म्हणजे उमेबोशींचा मुद्दा मराठीपुरता ठेवायला नको. तमिळ, कानडी, बंगाली बोलणाऱ्यालाही तीच सवलत आहे.

जाता जाता: हे शब्द मांगामुळे (जपानी चित्रकथांमुळे) किंवा जाहिरातींमुळे आलेले नाहीत. इ. स. ७१२ च्या कोजिकी या जुन्या जपानी ग्रंथात, जपानच्या निर्मितीच्या कथेत, इझानागि आणि इझानामि हे देवदांपत्य तरंगत्या पुलावर उभं राहून भाल्याने खारं पाणी ढवळतं. ते कसं ढवळतात? कोओरो-कोओरो. भाला वर काढल्यावर टोकावरून ठिबकलेल्या खाऱ्या थेंबांचं पहिलं बेट झालं.

---

खाईनतरतुपाशी

देवांनी पण ढवळताना आवाज केला हे वाचून बरं वाटलं.

शाबुशाबु राहिलंच की! पातळ मांसाचा काप उकळत्या पाण्यात हलवायचा, तो शाबुशाबु. हे नाव प्राचीन वगैरे नाही. ओसाकाच्या सुएहिरो उपाहारगृहाने १९५२ मध्ये दिलं. अख्ख्या पदार्थाला आवाजाचंच नाव.

आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करणे = चिन् सुरु. घंटी चिन् वाजते म्हणून. "भात चिन् कर."

---

कातरवेळ

मला शांततेबद्दल विचारायचं होतं. मांगा वाचताना एखाद्या चौकटीत कुणीच बोलत नसतं आणि मागे भलंमोठं シーン लिहिलेलं असतं. शीऽन. काहीच आवाज नाही त्याचा आवाज? मांगावाल्यांचं डोकं चाललं म्हणायचं की हे आधीपासून आहे?

---

उमेबोशी

@कातरवेळ, दोन्ही. शांत चौकटीत शीऽन लिहायची पद्धत आपण सुरू केली असं खुद्द मांगाकार ओसामु तेझुका यांनी लिहून ठेवलंय. पण 'शिन् तो' (निःशब्द, चिडीचूप) हा शब्द जपानी लेखनात त्याआधीही सापडतो. त्यांनी तो चित्रात आणला. बर्फ पडतो तेव्हाही शिन्शिन् तो पडतो: आवाज नाही, थंडी मात्र हाडात उतरते.

मराठीत बघा ना: शुकशुकाट. सामसूम. आपणही स-श वरच गेलोय.

पावसाचं कुणी काढलं नाही अजून? पोत्सुपोत्सु: पहिले टपोरे थेंब, छत्री उघडू की नको. पारापारा: शिंतोडे. शितोशितो: जूनमधल्या त्सुयुची (तिथल्या पावसाळ्याची) झिमझिम, दिवसभर. झाऽझाऽ: धो धो. यात कोकणातला माणूस जपानी माणसाला दोन शब्द जास्तच देईल.

---

अभिजात कट्टा

थंड पाणी ओतायला आलो आहे. नादशब्दांचं एवढं कौतुक चाललंय, पण गंभीर जपानीत ते चालत नाहीत. करारनामा, सरकारी पत्र, शोधनिबंध, कुठेही डोकिडोकि दिसणार नाही. मुलाखतीत "वाकुवाकु (उत्सुकतेने मन उसळणं) वाटतंय" म्हणणारा उमेदवार पोरकट ठरतो. पुण्यातली मुलं जपानी कंपन्यांत नोकरीसाठी शिकतात, त्यांना आधी आदरार्थी भाषा शिकवा. हे शब्द बायका-मुलांचे, जाहिरातींचे.

---

दुभाष्या मावशी

"बायका-मुलांचे" हे जरा जपून लिहा हो. शस्त्रक्रिया करणारे पन्नाशीचे डॉक्टर माझ्यासमोर दिवसभर हेच बोलतात.

---

निळ्याडोंगरापलीकडे

आणि कारखान्यातले उस्ताद! मी यंत्रांच्या देखभालीत आहे. बेअरिंगमधून गोरोगोरो येतंय की शारिशारि की किइकिइ, यावर तिथला जुना माणूस पुढचं पाऊल ठरवतो. बोल्ट गातागाता झाला (खिळखिळा), पट्टा युरुयुरु झाला (सैल), तेल बेताबेता झालं. अहवालात लिहिताना हे शब्द गळतात हे खरं, पण यंत्रापाशी उभं राहून बोलताना यांच्याशिवाय पान हलत नाही. बेसबॉलचे दिवंगत दिग्गज शिगेओ नागाशिमा तर खेळाडूंना फटका कसा मारायचा ते निव्वळ सुत्तो, गुत्तो, बात्तो करून शिकवायचे म्हणून प्रसिद्ध होते. समजणाऱ्याला समजायचं.

शिवाय युक्कुरी (सावकाश), हाक्किरी (स्पष्ट), शिक्कारी (नीट, भक्कम), बिक्कुरी (दचकणं) हे पण त्याच गोत्रातले. ते अगदी वरिष्ठांसमोरही चालतात. आपण पहिल्या महिन्यात शिकतो, पण ते कोण आहेत ते कुणी सांगत नाही.

---

उमेबोशी

कट्टा, लेखी औपचारिक भाषेबद्दल तुमचं बरोबर आहे. माझी "आधी शिकवा" ही घोषणा नोकरीच्या पत्रलेखनाला लागू नाही. पण नोकरी लागल्यावर माणूस आठ तास पत्रं लिहीत नाही. जेवतो, आजारी पडतो, यंत्रापाशी उभा राहतो, साहेबाची इराइरा ओळखतो.

---

कातरवेळ

'हुरहुर'ला जपानी नादशब्द आहे का? बरेच दिवस शोधतेय.

---

शब्दवेल्हाळ

सोवासोवा जवळ येतो, पण त्यात चुळबुळ जास्त, हळवेपणा कमी. हुरहुरीतल्या हळवेपणाला जपानी माणूस सेत्सुनाइ म्हणेल, पण ते साधं विशेषण आहे, नादशब्द नव्हे. उलट मोयामोयाला मराठीत एका शब्दात पकडून दाखवा. 'रुखरुख' नाही, त्याला कारण ठाऊक असतं. मोयामोयात कारणच धुक्यात असतं.

---

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे (खाईनतरतुपाशी, भेंडीच्या तारेवरचे तुमचे पुढचे तीन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत).

---

लिंबूटिंबू

डिसेंबरात परीक्षा आहे. हे सगळं पाठ कसं करायचं? यादी करून बसलो तर पाचव्या शब्दाला झोप येते. आणि जपानीच्या दोन अक्षरलिप्यांपैकी कशात लिहायचे, हिरागानात की काताकानात?

---

उमेबोशी

लिपी: आवाजाचे शब्द बहुधा काताकानात, आवाज नसलेले बहुधा हिरागानात. पण लिहिणारा ठसठशीतपणा हवा म्हणून बदलतो, त्यामुळे त्यात जीव अडकवू नका.

पाठांतर: यादी नको. कोणता शब्द कुणाबरोबर फिरतो ते धरा. 'पेरापेरा' एकटा लिहू नका, 'निहोन्गो गा पेरापेरा' (जपानी घडाघडा बोलता येतं) असा पूर्ण लिहा. 'पेकोपेको' बरोबर भुकेलेलं पोट किंवा वारंवार वाकून नमस्कार करणारा माणूस. शेजारी मराठी लिहा, इंग्रजी नको. आडवाटेंच्या खोट्या मैत्रिणींना मात्र लाल शाई.

आणि एक गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत, स्वराघात बदलतो. कासाकासा घ्या. पाचोळा वाजतो ते क्रियाविशेषण असेल तर पहिला 'का' उंच. हात कोरडे पडलेत, 'ते गा कासाकासा दा', असं अवस्थेबद्दल असेल तर सूर सपाट राहतो. ऐकण्याच्या परीक्षेत हा फरक कामी येतो.

---

आडवाटेचा वारकरी

माझ्या लाल शाईच्या यादीत आणखी दोन: बोरोबोरो म्हणजे बरोबर नाही, फाटकंतुटकं. आणि हेराहेरा म्हणजे हेरगिरी नाही, उगाच खुळचट हसणं. गुरुगुरु मात्र सोडून देतो. ते गरगर फिरणंच आहे, आणि कुरुकुरु म्हणजे तेच, हलक्या वस्तूचं. आलाच तो दोन रेघांचा नियम. उमेबोशी, इथे तुम्ही जिंकलात. किराकिरावर मी अजून अडून आहे.